दयेचा फासा

शनिवार, ११ जानेवारी

नियम बदलले! डेल्फीनने आज टेबलावर नियमांचं नवं जाडजूड पुस्तक आपटलं आणि म्हणाली, पुढच्या वेळेपासून ह्याने खेळायचं. इतकी वर्षं तिच्या तळघरात दर शनिवारी दुपारी हा गोष्टीचा खेळ खेळतोय — ती गोष्ट चालवते, तिचा नवरा थॅड त्यात मांत्रिक, मी चोर, नाव डिंगल. जगलो की मेलो ते फासे ठरवतात. सगळं सुरळीत चाललं होतं. कोणाच्या पोटात दुखलं?

थॅड पुस्तक हुंगत होता. खरंच हुंगत होता! गणिताचा मास्तर, कोरा कागद दिसला की पाघळतो. म्हणे आकडेमोड सोपी झालीय. म्हटलं, सोपंच हवं तर सापशिडी खेळ.

रविवार, १२ जानेवारी

पुस्तक मागून आणलं. शत्रू ओळखून असावा. आता चोराला चोर म्हणायचं नाही, 'निपुण' म्हणायचं. डिंगल निपुण! जन्मभर लोकांचे खिसे कापले त्याने. आता काय शाल-श्रीफळ द्यायचंय त्याला?

मंगळवार, १४ जानेवारी

दारातला बर्फ उपसला, कंबर धरली. मग आडवा पडून पुस्तक संपवलं. दयेचा फासा नाही! पुन्हा चाळलं. नाहीच.

एखाद्याचं पात्र मरायला टेकलं की बाकीच्यांनी आपापला फासा त्याच्यापुढे सरकवायचा. त्याने सगळे एकदम टाकायचे. एक जरी चांगला पडला तरी वाचला. ह्या खेळात दुसरं आहे काय? माझ्या पहिल्याच दुपारी डिंगलला उंदराने मारलं होतं. ड्रॅगनने नाही, उंदराने! ह्याच नियमाने उठला बिचारा. तेव्हा माझी बायको मार्लीन नुकतीच सोडून गेली होती. कुत्राही घेऊन गेली. डिंगल त्या दिवशी मेला असता तर मी तिथे परत पाऊल टाकलं नसतं. आणि शनिवारी जायला मला दुसरं घर नव्हतं. आजही नाही.

गुरुवार, १६ जानेवारी

डेल्फीनला फोन केला. सांगून टाकलं, दयेचा फासा नाही तर मीही नाही. ती मग म्हणाली, शेजारची ग्रेटा खेळायला येणारे, तिला जुनं पुस्तक आता कुठून मिळणार? नव्या पुस्तकानेच खेळायचं ठरलंय. मी फोन आपटणार होतो. मोबाइल आपटता येत नाही. बटण जोरात दाबलं.

शुक्रवार, १७ जानेवारी

चर्चच्या हॉलमध्ये तळलेले मासे खात होतो. थॅड ताट घेऊन समोर येऊन बसला. "ये रे उद्या. तुझ्याशिवाय कुलपं कोण उघडणार?" म्हटलं, एखादा निपुण माणूस बघ. माझी कोबीची कोशिंबीर खाऊन गेला मेला.

शनिवार, १८ जानेवारी

गेलो नाही. घर खायला उठलं.

म्हटलं, माझ्या जुन्या पुस्तकातलं दयेच्या फाशाचं पान काढतो आणि दोघांच्या नाकासमोर धरतो. डेल्फीन नेहमी सांगते, पान चौऱ्याण्णव. मी कधी उघडून पाहिलं नव्हतं — तिने सांगितलं म्हणजे झालं. आज उघडलं. पान चौऱ्याण्णववर घोड्यांच्या चाऱ्याचे नियम आहेत.

सगळं पुस्तक पालथं घातलं. दयेचा फासा कुठेच नाही. कधीच नव्हता.

रविवार, १९ जानेवारी

सकाळीच गेलो. चाऱ्याचं पान उघडून डेल्फीनपुढे धरलं. ती ओशाळून लालेलाल. थॅडला एकदम भांडी घासायची आठवण झाली.

"उंदराने मारलं तेव्हा तू, ऑर्विल, उठून कोटाची बटणं लावायला लागलास. तीही भलत्याच काजांत. मला जे सुचलं ते बोलले. तोंडाला आलं ते पान सांगितलं."

म्हटलं, अगं, पण इतकी वर्षं?

"नंतर तूच थॅडसाठी फासा सरकवायला लागलास. माझ्याही आधी. मग कसं सांगू?"

भांडायला गेलो होतो. घोड्यांच्या चाऱ्यावर रडून आलो. येताना तिने सॉसेजचा डबा दिला, तोही घेतला. राग होता, पण भूकही होती.

बुधवार, २२ जानेवारी

निपुण. निपुण. म्हणून पाहतोय. जिभेला वळत नाही.

शनिवार, २५ जानेवारी

नव्या नियमांनी खेळलो. आकडेमोड सोपी झालीय. थॅडला सांगितलं नाही.

ग्रेटाची योद्धी पहिल्याच खोलीत खड्ड्यात पडून मेली. ग्रेटा हसली, छान वाटलं म्हणाली आणि हातमोजे शोधायला लागली. दोन्ही हातमोजे तिच्या हातातच होते. नवरा गेल्यावर पहिल्यांदाच घराबाहेर पडलीय, असं डेल्फीन म्हणाली होती.

डेल्फीनने माझ्याकडे पाहिलं. मी माझा फासा ग्रेटापुढे सरकवला.

"बसा हो. दयेचा फासा बाकी आहे अजून. पान चौऱ्याण्णव."

ग्रेटा पुस्तकाकडे हात नेणार, तेवढ्यात थॅड त्याच्यावर बसला.