बसमधल्या टाळ्या

शनिवार, संध्याकाळ. करी रोड.

काल आमच्या संकेतच्या क्लबने फुटबॉलची फायनल जिंकली. आज सकाळी शेजारच्या सुनीताने मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. जिंकून परतताना पोरं बसमध्ये नाचतायत, आणि समोरच्या टीममधल्या इमॅन्युएलवर गाणं म्हणतायत. काळ्या, माकड, आणखी काय काय. टाळ्यांचा ताल कोण धरतंय? माझा नातू.

इमॅन्युएल नायजेरियाचा. गेल्या वर्षापर्यंत संकेतच्याच टीममध्ये होता. या खोलीत मांडी घालून जेवलाय, बोंबील मागून घेतलेत. मला आबा म्हणायचा.

दुपारी संकेतला फोन केला.

"आबा, गंमत असते ती. सगळेच म्हणत होते."

"तू टाळ्या वाजवत होतास."

"मग काय, एकटाच तोंड पाडून बसू?"

माझ्या बापाला मिलमध्ये जातीवरून हाका मारायचे, तेव्हाही सगळे हसायचेच. हे संकेतला मीच सांगितलं होतं, लहान असताना. विसरला? की मलाच नीट सांगता आलं नाही? आणि त्या टाळ्या. किती मन लावून वाजवत होता.

"इमॅन्युएलला फोन लाव," म्हटलं.

"लावून काय बोलू?"

मी फोन ठेवून दिला.

राग यायला हवा होता, तोही येत नाही. मघाचा चहा गोड होता की बिनसाखरेचा, सांगता येणार नाही.

उद्या चाळीत संकेतचा सत्कार आहे. मंडळाचा दिलीप आत्ताच विचारून गेला, "आबा, शाल तुम्हीच घालणार ना?"

दुसऱ्या कुणाला तरी सांग, म्हटलं.

"का हो, गुडघे धरलेत का?"

हो म्हटलं.