ब्रेकला तेल घालू नकोस

दादा,

सातची बस आहे आणि तू अजून घोरतोयस, म्हणून लिहून जातेय.

परवा येताक्षणी बाबांच्या व्हीलचेअरला हौसेने तेल पाजलंस. ते ब्रेकला आणि टायरलाही लागलं. काल पलंगावर बसताना खुर्ची मागे सरकली आणि बाबा पडता पडता वाचले. "त्याला सांगू नकोस, मनाला लावून घेईल," म्हणाले. मी सांगतेय. साबणाच्या पाण्याने सगळं पुसून घेतलंय. यापुढे तेल फक्त पुढच्या छोट्या चाकांना, तेही थेंबभर.

त्यांना उठवताना आधी दोन्ही ब्रेक लाव, पाय ठेवायच्या पट्ट्या वर कर आणि मगच हात दे. टायरमधली हवा कमी झाली की ब्रेक धरत नाही, म्हणून दर रविवारी दाबून बघ. दारातल्या उतारावर आधी तू उतर, मग खुर्ची पाठीकडून हळूहळू खाली घे. बाबा "सरळच ने रे" म्हणतील. ऐकायचं नाही.

खिडकीखाली फरशीवर चाकांचे दोन काळे डाग आहेत. ते घासत बसू नकोस, निघत नाहीत. तू गेल्यापासून सहा वर्षं बाबा रोज संध्याकाळी तिथेच ब्रेक लावून फाटकाकडे बघत बसतात. काल तू आत चहा करत होतास, तरी बसले होते.

आजही बसतील. तेव्हा मागून हाक मार.

छोटी