काम थांबवण्याची परवानगी

मंगळवार, १२ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही ठीक आहोत. धाकटीचा ताप उतरला, आता नुसती किरकिर उरली आहे. तुझा गुडघा कसा आहे? वहिनी म्हणाली, डॉक्टरांनी दिलेला पट्टा तू कपाटात ठेवून दिलास. शहाणाच आहेस.

सोबतचा कागद आधी वाच असं पाकिटावर लिहिलं आहे, तेव्हा तो वाचून झाला असेल. तळघराच्या खड्ड्यात तुझा फोन लागत नाही. मुकादमाला लागला, पण तो म्हणतो, कागद हातात आल्याशिवाय काम थांबवलं तर दंड बसेल. म्हणून ऑफिसच्या ड्रायव्हरकाकांना पाठवते आहे. मी स्वतः आले नाही, त्याचं कारण पुढे सांगते.

तुझ्या कंत्राटाचा मसुदा मी तुमच्या स्वयंपाकघरात वाचून दाखवला होता ना? कंपनीने मला ठेवलंच त्यासाठी. करार असा लिहायचा की वकील न लावता कळला पाहिजे. वहिनी भांडी विसळता विसळता म्हणाली, "अगंबाई, हे तर मलाही कळतंय!" आणि तू म्हणालास, "बास, आता मी डोळे मिटून सही करतो."

सातव्या कलमावर माझा सगळ्यात जास्त जीव होता. भिंतीला तडा गेला किंवा पाणी आलं, तर ज्याला दिसेल त्याने काम थांबवायचं. कुणाला विचारायचं नाही. त्याचा दंड नाही.

काल तुझ्या मुकादमाचा मेल आला. पूर्वेच्या भिंतीतून गढूळ पाणी येतंय, काम थांबवायची परवानगी द्यावी. मी चक्रावले. परवानगी कसली मागतोय हा? सही झालेली प्रत काढली. तिथे लिहिलं आहे, "तडा गेला किंवा पाणी आलं, तर कंपनीची लेखी परवानगी घेऊन मगच काम थांबवावं."

सोपं, छोटं वाक्य. अगदी माझ्या धाटणीचं. माझ्यासारखं लिहायला कुणीतरी शिकलंय, दादा.

साहेबांकडे गेले तर ते हसले. "मॅडम, भाषा सोपीच आहे ना? तुम्हाला तेच तर हवं होतं."

"आणि पाणी?"

"पाणी सगळ्याच खड्ड्यांत येतं. पुढच्या सोमवारच्या बैठकीत बघू."

घरी जाताना तुझ्या साइटवरून गेले. पूर्वेच्या बाजूला कुंपणाबाहेर फुटपाथला लांब भेग पडली आहे. फुटपाथलगतच्या दुकानदाराने तिच्यावर पायपुसणं टाकलंय. म्हणाला, "लोक अडखळतात हो." मी पायपुसणं उचललं. खालून गार वारा आला. आतली माती वाहून गेली आहे, दादा.

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

त्या कागदावर शिक्का कंपनीचा आहे. सही बघून तू ओरडला असशील. हो, माझीच आहे. नाही, मला तो अधिकार नाही. शिक्का साहेबांच्या खणातला आहे आणि तो परत जागेवर जाईपर्यंत मला इथून हलता येत नाही. पुढचं मी बघून घेईन. तू फक्त वाद घालू नकोस. सगळ्यांना वर घे, आणि तूही वर ये.

तुझ्यावर पहिल्यांदाच हुकूम सोडणारी,
चिमी


गुरुवार, १४ मार्च

चिमे,

फोनवर हे बोलायचं नाही, म्हणून तुझ्या वहिनीच्या हाती पाठवतो आहे.

कागद वाचला आणि शिट्टी मारली. लोक कुरकुरत वर आले. पत्र्याच्या सावलीत टेकतात न टेकतात तोच पूर्वेची भिंत खाली बसली. आधी नुसती धूळ दिसली, आवाज मागून आला. अर्धं दुकान गेलं. दुकानदार गिऱ्हाइकाशी बोलत रस्त्यापलीकडे उभा होता, म्हणून वाचला.

पंपवाला मात्र पुन्हा उतरला होता. पंप बंद करून आलोच, असं कुणाला तरी सांगून गेला. मला दिसला नाही. त्याला काल संध्याकाळी बाहेर काढलं. त्याची बायको फाटकाशी बसून होती. तिला सांगायला मीच गेलो. काय बोललो ते आठवत नाही.

साहेब आले. खड्ड्याकडे बघितलंही नाही. मला बाजूला घेऊन म्हणाले, "तो कागद माझ्याकडे द्या. शिक्का चोरला म्हणून बहीण आत जाईल. कागदच नसला तर ती सुटेल. तुम्ही आपल्या मनाने काम अर्धवट सोडलंत म्हणून भिंत गेली, एवढंच लिहून द्या. बाकी आम्ही सांभाळतो."

म्हणजे पंपवाल्याचं मरण माझ्या माथी, आणि सातवं कलम पुढच्या खड्ड्यासाठी तसंच.

मी कागद पोलिसांना दिला. तुझ्या सहीसकट. तुला न विचारता दिला. विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस, आणि मग माझाच हात उचलला नसता.

उद्या पोलीस तुला जबाबाला बोलावतील. मुकादमाचा मेल आणि तुझा मूळ मसुदा आजच वकिलाकडे दे, ऑफिसात ठेवू नकोस. कालपासून आमच्या घरासमोर एक गाडी उभी आहे. आतला माणूस उतरत नाही. वहिनीने पडदे ओढून घेतलेत. तुझ्याकडेही असेल. खिडकीत जाऊ नकोस, धाकटीला शाळेत पाठवू नकोस. सकाळी मी न्यायला येतो. पंपवाल्याची बायकोही येणार आहे. ती तुझ्या शेजारी बसेन म्हणते.

जे वर आले त्या सगळ्यांच्या वतीने,
दादा