गाडी जातेच आहे तर

अमरावती,
रविवार

आदरणीय सुभद्रामावशीस,
प्रियदर्शनीचा सविनय जयभीम.

इकडे सगळे ठीक आहेत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते; ते कितपत खरं आहे हे पुढे कळेलच. तुझी साखर, झोप आणि नवी कवळी ठीक असेल असं धरते. गुडघे कसे आहेत? (हा प्रश्न मुद्दाम वेगळा विचारते आहे. गेल्या उन्हाळ्यात तू वाळवणाची परात डोक्यावर घेऊन दोन मजले न थांबता चढलीस, ते मी विसरलेले नाही. तू विसरलीस तर बरं होईल.) फोन न करता पत्र लिहायचं कारण असं की तुझा फोन कायम स्पीकरवर असतो, आणि इथे तुझा आवाज आला की बाबा शेजारी येऊन बसतात. शेजारची वर्षाली उद्या एसटीनं अकोल्याला येते आहे, तिच्या हाती हे पाकीट देते.

येत्या शनिवारी आपण पाचजण अनुपच्या पिकअपनं अजिंठा, वेरूळ आणि नाशिकची लेणी बघायला निघणार आहोत. आम्ही चौघं इथून, तू अकोल्याहून. सहल बाबांची आहे. चांदूर रेल्वेच्या शाळेत त्यांनी जन्मभर इतिहास शिकवला, अजिंठ्याचं चित्र फळ्याला टांगून पद्मपाणीची भुवईसुद्धा समजावून सांगितली, पण शाळेच्या सहलीचे पैसे दरवर्षी चिखलदऱ्यापर्यंतच पुरायचे. (म्हणून चिखलदऱ्याचं नाव काढलं तरी ते दुसऱ्या खोलीत जातात.) आता वेळ आहे, मुलाची गाडी आहे, आणि गुडघे नाहीत. अजिंठ्याला डोली मिळते हे मी सांगून पाहिलं. बाबा म्हणाले, "चार जणांच्या खांद्यावर एकदाच जा लागते. मले घाई नाही." मग मी चाकाची घडीची खुर्ची आणली. हलकी, ॲल्युमिनियमची; सपाटीवर ढकलायची, पायऱ्यांवर मी आणि अनुपनं उचलायची. बाबांनी ती उलगडूसुद्धा दिली नाही. "हे खुर्ची गाडीत चढली त मी उतरलो," एवढं बोलून ते पेपर वाचायला लागले. आणि बाबा उतरले म्हणजे सहल उतरली. पुढच्या वर्षी त्यांना गाडीत चढणंही जमेल असं मला वाटत नाही. तेव्हा खुर्ची त्यांच्या नजरेला न पडता अजिंठ्यापर्यंत न्यायची, तिथे पुढचं त्यांचे गुडघेच त्यांना समजावतील, असं मी ठरवलं.

इथून माझ्या अधोगतीला सुरुवात झाली. तुला माहीत आहे, मी चाकणला पॅकिंगचंच काम करते. माझ्या पेट्यांतून पंप समुद्रापार जातात आणि न ओरखडता पोहोचतात. एका पिकअपचा डाला (म्हणजे मागची उघडी जागा, अनुपनं ही गाडी वरूडच्या संत्र्यांच्या व्यापाऱ्याकडून घेतली, तिला अजून सालीचा वास येतो) मला भरता येणार नाही असं वाटायचं कारणच नव्हतं. मी मापं घेतली, कुठे काय बसेल याचा नकाशा काढला. डाल्यावर बसणारं घडीचं झाकण ऑनलाइन मागवलं. ते आलं आणि आमच्या गाडीवर असं बसलं, जसं मोठ्या माणसाच्या डोक्यावर बारशाचं टोपरं. परत पाठवलं. मग ताडपत्रीच्या दुकानात गेले. दुकानदारानं विचारलं, कापूस की संत्रा? मी म्हटलं, सामान. तो म्हणाला, पाऊस तर गेला ताई, आता कायले पाहिजे? मी धुळीचं, कडेच्या कड्यांचं, वाऱ्यानं कापड फडफडण्याचं सगळं समजावलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि लग्नाचा मांडव किती मोठा आहे ते विचारलं. शेवटी एक जाड ताडपत्री घेतली, आणि खुर्चीसाठी वेल्डरकडून कुलपाची लोखंडी पेटी करून घेतली. पेटी केबिनच्या पाठीला, तिच्यात खुर्ची, पुढे बाकीचं सामान, वरून ताडपत्री. भरताना नियम एकच, तो मी घरात सगळ्यांना पाठ करायला लावला: जे आधी काढायचं ते शेवटी भरायचं. (खुर्ची या नियमात बसत नव्हती, कारण ती लपवायची होती. स्वतःचाच नियम पहिल्या दिवशी मोडणारा इंजिनियर पुढे कुठे जातो ते बघ.)

मावशी, या योजनेत एक चूक होती आणि ती मापात नव्हती. अनुपनं चौकात सांगितलं की आमची गाडी नाशिकपर्यंत जाते आहे. पुण्यात असं सांगितलं की लोक शुभेच्छा देतात. आपल्याकडे पोतं आणतात. आधी आशाबाई आल्या, संभाजीनगरच्या मुलीसाठी मिक्सर घेऊन. गाडी जातेच आहे तर. मग कोणाची नाशिकच्या मुलाला तूरडाळ, कोणाचा सुनेसाठी पाटा-वरवंटा (त्याला काय जागा लागते, असं मला विचारण्यात आलं, जागा लागत नाही हे खरं, गाडीचे स्प्रिंगचे पाटे मात्र खाली लागतात). मी आशाबाईंना नकाशा दाखवला, जागा कशी वाटली आहे ते समजावलं. त्या नकाशाकडे न बघता डाल्याकडे बघून म्हणाल्या, "बाई, हवाच त भरून राहिली तुमी." हवाच होती. आई तर घरभेदी निघाली. लोखंडी पेटीत मुंगी शिरत नाही हे तिच्या लक्षात आलं, आणि मी आंघोळीला गेले तेवढ्यात तिनं खुर्ची बाहेर काढून पेटीत ज्वारीचं पीठ, ठेचा, कुरड्या आणि तुझ्यासाठी दोन किलो शेंगदाण्याची चटणी भरून कुलूप लावलं. किल्ली तिच्या कमरेला आहे. मागितली तर म्हणते, लेणी पाहून पोट भरते काय?

खुर्ची मग ताडपत्रीखाली गेली. निदान झाकलेली तरी होती. आज सकाळी उठून बाहेर आले तर ताडपत्री नाही. अनुपनं ती शिवमच्या साखरपुड्याच्या मांडवाला दिली होती. (शिवम त्याचा मित्र. गाडी शनिवारीच जाते आहे ना, मग तोवर ताडपत्री कशाला बसून राहील, हा अनुपचा युक्तिवाद. यात चूक कुठे आहे ते मला मांडता आलं नाही.) डाल्यात मिक्सर, तूरडाळ, पाटा, वरवंटा आणि या सगळ्यांच्या मधोमध, कोवळ्या उन्हात चकाकत, ती खुर्ची. तिच्यासमोर चहाचा कप घेऊन बाबा उभे. त्यांनी विचारलं, "कोनाची व हे?" मी उत्तर दिलं. त्यांनी कप संपवला, माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं आणि आत गेले. दुपारी जेवले, पण सहलीचा विषय नाही. दिवसभरात अजिंठ्याचं नाव त्यांच्या तोंडून आलं नाही, असा हा या महिन्यातला पहिला दिवस. मला वाटतं सहल संपली. मिक्सर तेवढा संभाजीनगरला पोहोचेल.

घरातल्या सगळ्यांना माझा नमस्कार सांग. आणखी बोलायचं ते भेटल्यावर, म्हणजे भेटलो तर.

तुझी,
प्रियदर्शनी

ता. क. : मी बाबांना काय उत्तर दिलं ते वर लिहायचं राहिलं. राहिलं नाही, मीच टाळलं. मी म्हटलं, "सुभद्रामावशीची आहे. तिचे गुडघे गेले." मला खोटं बोलायची सवय नाही, त्यामुळे समोर जे नाव आलं ते घेतलं. तेव्हा शनिवारी सहल निघालीच, तर तू लंगडत यायचं आहेस. कोणता पाय ते आताच ठरव आणि शेवटपर्यंत तोच ठेव. बाबांनी चाळीस वर्षं मुलांची पोटदुखी तपासली आहे. अजिंठ्याला दहा पावलं खुर्चीत बस, मग कंटाळा आला म्हणून ऊठ, आणि भाऊजी, तुमी बसा थोडे, असं म्हण. तुझं त्यांनी कधी ऐकलेलं नाही, पण रिकामी खुर्ची वाया जाऊ देणाऱ्यांतले ते नाहीत.

ता. क. २ : पाकीट चिकटवत होते तेवढ्यात अंगणात आवाज झाला म्हणून गेले. बाबांनी अनुपकडून खुर्ची खाली उतरवून घेतली होती आणि ते तिच्यात बसले होते. मला बघून उठले नाहीत. म्हणाले, "सुभद्राची खुर्ची सगळ्यात शेवटी भरजो. अजिंठ्यात पहिले तेच काढा लागन." नंतर पाय ठेवायची पट्टी चार बोटं खाली करून मागितली. मी पाना आणून ती करून दिली. मावशी, तू त्यांच्यापेक्षा वीतभर बुटकी आहेस, तुझे पाय त्या पट्टीला टेकणार नाहीत. त्याबद्दल गाडीत काही बोलू नकोस. आणि लंगड.