मिठाच्या पेजेचा सदरा

प्रिय बाई,

त्या सदऱ्याची खरी किंमत आज मांडून पाहिली. पॉपलीनच्या कापडापायी तू अकरा दिवस लोकांच्या बांधीत धान कापलंस. शिलाईपायी तुझी तुरेवाली कोंबडी गेली. सदरा कडक करायला तुझी अन् भाऊजींची संध्याकाळची पेज गेली. आणि तो अंगात घालून मी मंडईला गेलो, त्या दिवशी तुझं नाटक गेलं. माझं काय गेलं? काहीच नाही. माझा तर खिसासुद्धा नवा होता.

काल तुझी तेरवी झाली. परतताना गाडीत तुझी भावजय, सुभद्रा, एक गोष्ट बोलली. घरी आलो, टोपी खुंटीला लावली अन् कागद घेऊन बसलो. बाई, आता फार थकलोय. गुडघे बोलतात, डोळे पाझरतात, लोकांशी बोलायचाही कंटाळा येतो. तू होतीस तोवर तुला एक पत्र लिहिलं नाही. तुला वाचता येत नाही, अशी स्वतःची समजूत घालत आलो. आता तरी कुठं वाचणार आहेस!

आपला चांदा जिल्हा तेव्हा मध्यप्रदेशात होता अन् मी विशीत होतो. आईबाप गेल्यावर तू मला तुझ्या सासरी आणलंस. भाऊजींनी कधी ताटावरून शब्द काढला नाही, पण गाव थोडंच गप्प बसतं? "बहिणीच्या घरचा भाऊ" हे मी पाणवठ्यावर, पारावर, पाठीमागून कितीदा ऐकलं. माझे कान तेव्हापासूनच तिखट. पुढे गिरणीवर पोत्यात हात न घालता, नुसतं धान ओतल्याचा आवाज ऐकून मी ओल सांगायचो. लोकांना त्याचं नवल वाटे. ज्याला परक्या घरात वाढायचं असतं, त्याचे कान आपसूक तयार होतात, हे त्यांना काय ठाऊक!

आणि मंडई! दिवाळी झाली की एकेका गावची मंडई भरायची, सोयरेधायरे जमायचे, रात्री नाटक. मुलगी दाखवणं नंतर. आधी मुलगा मंडईच्या गर्दीत कसा उभा राहतो, कुणाशी कसा बोलतो, हे मुलीचा बाप लांबून पाहून घ्यायचा. सुभद्राच्या बापाची नजर त्या वर्षी माझ्यावर पडणार होती. तूच म्हणालीस, "गोविंदा, या खेपेले फाटक्या बंडीत नाई जायचं."

अन् विळा घेऊन बायकांच्या टोळीसोबत धान कापायला निघून गेलीस. कोणत्या गावी, कोणाच्या बांधीत, मी विचारलं नाही. मला सदरा हवा होता.

वडशाच्या शिंपीचाचांनी माप घेतलं ते आठवतं? "बेटा, पीछे से लंबा रखता हूं. बढ़ती उमर है." मी नको नको म्हणत होतो आणि तू म्हणालीस, "ठेवा चाचा, लांबच ठेवा. लगन झाल्यावरबी पुरला पाह्यजे."

मंडईच्या दिवशी दुपारपासून माझी तयारी सुरू. आरशाचा तुकडा कुडाच्या भिंतीत खोचलेला, त्यात एका वेळी एकच डोळा दिसे. डोक्याला इतकं तेल चोपडलं की कानामागून ओघळ आला. तू गाडग्यात बिनमिठाची पेज माझ्यासाठी वेगळी काढून ठेवली होतीस. तिच्यात सदरा बुडवला, वाळवला. माझं समाधान होईना. कॉलर मला पुठ्ठ्यासारखी उभी हवी होती. मग चुलीवरच्या हंडीतलीच पेज ओतून घेतली.

"अरे, ते मिठाची हाये!" तू ओरडलीस.

"मीठ का कपड्यावर दिसते?"

"दिसत नाई. पण आता आमी रातच्याला काय पेवाव?"

"एक दिवस पानी पेऊन राहा."

हे मी बोललो, बाई. आणि तू हसलीस! पितळी तांब्यात निखारे भरलेस, तांब्याला बाहेरून पदर गुंडाळलास अन् त्या सदऱ्यावर तांब्या फिरवत बसलीस. बाहीची घडी अशी बसली की तिनं पान कापावं.

मग तू आत गेलीस अन् बाहेर आलीस ती वेगळीच होऊन. अंजिरी लुगडं, केसांना तेल, अंबाड्यात शेवंतीचं फूल. तू तरी तेव्हा केवढी होतीस गं? सव्वीसची असशील. लग्न झाल्यापासून सहा हिवाळे तू नाटक पाहिलं नव्हतंस. गाडीत तणीस अंथरून भाऊजी वाट पाहत होते. तू चाकावर पाय ठेवलास, गाडीचा दांडा धरलास, आणि माझी नजर तुझ्या हातांवर गेली. विळ्यानं चिरलेली बोटं, काळ्या भेगा, त्यांत हळद भरलेली.

"बाई, तू नको येऊ."

"काऊन?"

"ते लोकं पाह्यतीन. म्हंतीन, याची बहीण मजुरीले जाते."

तू चाकावरचा पाय खाली घेतलास. हात पदराआड नेलेस. म्हणालीस, "बरं. तसंबी मले झोपच येऊन राह्यली."

भाऊजींनी बैलाची शेपटी पिरगाळली नाही, काही नाही. तूच त्यांना म्हणालीस, "चला ना, उशीर होते." तुझा आवाज "झोप" या शब्दावर जरा अडला होता. माझ्या कानांना तो ऐकू आला. पण मी कॉलर सारखी केली.

आणि वाटभर, बाई, मी गाडीत उभा! बसलो तर घडी मोडेल. तीन कोस दांडा धरून, धक्के खात, फेट्यातल्या नवरदेवासारखा ताठ.

पुढचं तू माझ्याच तोंडून शंभरदा ऐकलंस. मंडपात बसायचं नाही म्हणून मी बैलगाड्यांच्या रांगेपाशी उभा राहिलो. सुभद्राचे वडील चार हातांवर कोणाशी तरी बोलत होते. मी पाठ फिरवून, कान टवकारून ऐकत होतो. "पोरगा चलाख दिसते," कोणी म्हणालं. "कपडे त पाहा," दुसरा म्हणाला. मागून सदरा ओढल्यासारखं वाटलं. कोणी दोस्त खोडी काढतोय समजून मी हललो नाही. पोक्त दिसायचं होतं ना! शेवटी लोक हसायला लागले तेव्हा वळून पाहिलं. सुभद्राच्या बापाचा धवळा बैल, डोळे अर्धे मिटून, माझ्या सदऱ्याची मागची वीतभर बाजू चघळत होता. मीठ लागलं होतं त्याला! ओढून काढली तर हातात लाळ अन् चिंध्या.

सगळी मंडई हसत होती. अन् मी हात जोडून म्हणालो, "मामा, तुमच्या बैलानं त मले पसंत केलं. आता तुमी सांगा!"

मामा खोकला येईस्तोवर हसले. आठ दिवसांत होकार आला.

हीच गोष्ट मी जन्मभर सांगितली. बारशात, लग्नात, गिरणीच्या उद्घाटनाला हारतुरे घालून. म्हणायचो, "मला शेत नव्हतं, घर नव्हतं, मागे कोणी बोलणारं नव्हतं. होती ती एक जीभ. एका वाक्यावर बायको आणली, सासऱ्याच्या ओळखीनं गिरणीवर लागलो अन् पुढे स्वतःची गिरणी टाकली." तू समोर बसून दर वेळी त्याच जागी हसायचीस. कधी चुकूनसुद्धा आधी हसली नाहीस. कसं जमवलंस गं?

काल गाडीत सुभद्रा म्हणाली, "आता बाई गेल्या, तं सांगते. त्यांनी माझ्या आईले शपथ घातली होती." त्या वर्षी तू धान कापायला गेलीस ती तिच्याच बापाच्या बांधीत. तिची आई तुझ्यासोबत कापायला होती. अकरा दिवस ती तुझे हात पाहत होती. म्हणाली, जिनं आपल्या भावाले अशा हातांनी पोसलं, तिच्या भावाले पोरगी द्याले काय हरकत हाये? तुझ्यासमोरच तिनं नवऱ्याला विचारलं. तो "द्या" म्हणाला. अन् तू त्यांना म्हणालीस, "त्याले सांगू नका. तो मंडईत येईन, तवा पाहा त्याले. त्याले वाटू द्या त्यानंच जमवलं."

त्या दिवशी बायकांच्या बाजूला सुभद्राच्या आईनं सतरंजीवर स्वतःशेजारी तुझ्यासाठी जागा धरली होती. कोणी बसायला आलं की म्हणायची, "येऊन राह्यल्या, येऊन राह्यल्या." नाटक संपलं, तरी जागा तशीच.

का नाही सांगितलंस, बाई? एकदा तरी माझं तोंड धरायचं होतंस! पन्नास माणसांत नाही, तर चुलीपाशी. मी काय रागावलो असतो? रागावलोही असतो. तुला ठाऊक होतं.

वैशाखात नातीचं लग्न आहे. मंडपात म्हातारे मला गोष्ट सांगायला उभं करतीलच. तुला शब्द देतो, बैलाची गोष्ट मी आता तिथं सांगणार नाही. तुझं नाव घेईन, तुझ्या हातांबद्दल सांगेन, मी तुला चाकावरून खाली उतरवलं हेही सगळ्यांसमोर सांगेन. लोकांना हसू येणार नाही. न येवो. अन् शेवटी जे खरं आहे तेवढंच सांगून बसेन: माझी सोयरीक मी बोललो त्याच्या आधीच, धानाच्या बांधीत जमली होती, आणि ती माझ्या बहिणीनं जमवली होती.

तुझा धाकटा,
गोविंदा