कराचिमेनच्या छपराची मापवही

मी, सेविन्च आल्तुनेल, दिवंगत रिफात आल्तुनेल यांची मुलगी, वय चौतीस, राहणार अंकारा, वास्तुकलेची अभ्यासक आणि एका आंतरराष्ट्रीय वास्तुकला पारितोषिकाच्या कार्यालयात उपसचिव, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. सोमवारी माझ्या मेंदूतली गाठ काढणार आहेत. मी भानावर होते का, असे नंतर कोणी विचारू नये म्हणून डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला आमच्याकडे साक्षीदार लागत नाहीत. तरी मी दोन बोलावले आहेत.

एक. घरातला माझा अर्धा हिस्सा धाकटा भाऊ तारिक याला. त्याने आधी स्वयंपाकघराची खिडकी दुरुस्त करावी, मग भाडेकरू ठेवावा. माझ्यामागे हलवा वाटायचा तर आईच्या कढईत करावा.

दोन. बाबांची मापाची फीत आणि रेखाटनाची पेटी तारिकच्या मुलीला, देफ्नेला. बाबा नकाशे काढत. मी शाळेत जाण्याआधीच त्यांनी मला मोजायला शिकवले. फितीचे एक टोक त्यांच्या हातात, दुसरे माझ्या. आकडा दोनदा वाचायचा, मगच लिहायचा. अक्षरे मी नंतर शिकले.

तीन. माझी पुस्तके आणि मातीच्या घरांवरचा प्रबंध विद्यापीठाला. तिथे मी सहा वर्षे शिकवले. समासात पेन्सिलीने काही सहकाऱ्यांविषयी लिहिले आहे, ते पुसून द्यावे. मला वेळ झाला नाही.

चार. हालदून होजा यांना काहीही नाही. ते माझे शिक्षक आणि आता पारितोषिकाचे प्रमुख. शिष्यवृत्ती त्यांच्यामुळे मिळाली, नोकरीही. त्याबद्दल लेखी आभार मानले आहेत. त्यांनी माझ्या दफनाच्या वेळी बोलू नये. ते फार चांगले बोलतात आणि लोकांना ते खरे वाटते.

पाच. <s>माझी निळी मापवही माझ्या मृत्यूनंतर कराचिमेन गावच्या सरपंचांना पाठवावी.</s>

हे कलम का खोडले ते लिहिणे भाग आहे.

आमचे परीक्षक इमारती पाहत नाहीत. कार्यालयातले कोणीतरी जाऊन तीन दिवस राहते, मोजते, अहवाल लिहिते आणि मग मंडळासमोर उभे राहते. नियम एकच: विचारतील तेवढ्याचेच उत्तर द्यायचे, स्वतःचे मत घालायचे नाही. चार वर्षांपूर्वी कार्सच्या डोंगरातली कराचिमेनची शाळा मी पाहिली. दगडमातीची, फार सुंदर. गावचे म्हातारे गवंडी इद्रिस उस्ता मला शिडीने वर घेऊन गेले.

"पोरी, हात घाल इथं. तुळई भिंतीत किती गेलीय बघ."

नकाशात पंचवीस सेंटिमीटर होते. नऊ भरले. मी सगळ्या तुळया मोजल्या. कुठेही अकराच्या वर नव्हते.

"उन्हाळ्यात काय, सुंदरच दिसतं," ते म्हणाले. "हिवाळ्यात, बर्फाचं ओझं आलं की पाठव तुझ्या साहेबांना."

मी ते अहवालात लिहिले. होजांनी ते पान काढून परिशिष्टात टाकले. "सेविन्च, बक्षीस कल्पनेला देतात, तुळयांना नाही. कोणी विचारलं तर सांग की." परिशिष्ट मंडळाकडे जात नाही, हे मला माहीत होते. वीस मिनिटे मी परीक्षकांसमोर उभी होते. त्यांनी प्रकाशाबद्दल विचारले, मातीच्या रंगाबद्दल विचारले. छपराबद्दल कोणी विचारले नाही. मी सांगितले नाही. शाळेला पारितोषिक मिळाले.

गेल्या फेब्रुवारीत इद्रिस उस्ता बर्फ काढायला त्या छपरावर चढले आणि पडवीचे छप्पर त्यांच्यासकट खाली आले. ते त्यातच गेले. चौकशीत लिहिले: बर्फ जास्त झाला. पडवी पुन्हा बांधली. मोठ्या वर्गाच्या तुळया त्याच आहेत. खाली एक्केचाळीस मुले बसतात. परिशिष्ट कार्यालयात बंद आहे. प्रत्येक तुळईचे माप फक्त माझ्या वहीत आहे. नऊ महिने मी गप्प राहिले. नोकरी जाईल, आणि मी तेव्हा काय केले ते तारिकला कळेल, याची भीती वाटली.

आज साक्षीसाठी वरच्या मजल्यावरच्या नेजलाताई आल्या. त्यांनी तीस वर्षे नोटरीकडे काम केले आहे. चष्मा लावून त्यांनी पाचवे कलम दोनदा वाचले.

"आणि जगलीस तर?"

"म्हणजे?"

"अगं, मृत्युपत्र मेल्यावर उघडतात. तू बरी होऊन घरी आलीस, तर ही वही कपाटातच ना? मेलीस तरच बोलणार, असं लिहिलंयस तू. पोरांनी काय, तू मरायची वाट बघायची?"

मी पेन खाली ठेवले. त्यांनीच फोन माझ्यासमोर सरकवला.

सरपंचांना मी सगळे सांगितले.

"बाई, चार वर्षं झाली. आमच्या भिंतीवर तुमच्याच बक्षिसाची पाटी आहे."

"हो."

"इद्रिस ओरडत होता. आम्ही म्हटलं, अंकाराच्या शिकलेल्या बाई मोजून गेल्या, तू गप्प बस."

मग ते म्हणाले, "इथं कालपासून पडतोय बर्फ. पोरं आत्ता आतच आहेत."

"बाहेर काढा. आत्ता. मी फोन ठेवत नाही."

त्यांनी फोन तसाच टेबलावर टाकला. त्यांचे धावणे ऐकू आले, मग नुसता वारा. तेवीस मिनिटांनी कोणीतरी एकेक नाव घेऊन मुले मोजत होते. एक्केचाळिसावे नाव मी ऐकले.

वही आज दुपारी नोंदणीकृत टपालाने जिल्हाधिकाऱ्यांकडे गेली. एक प्रत परीक्षक मंडळाला, एक होजांना. त्यामुळे ती आता माझ्या मालमत्तेत नाही. खोडलेल्या ओळीशेजारी मी सही केली आहे. बाकीची कलमे कायम.

अंकारा, गुरुवार, १४ नोव्हेंबर २०१९

सेविन्च आल्तुनेल (सही)

आमच्यासमोर सही झाली. लिहिणारी पूर्ण भानावर होती. रडत होती, पण भानावर होती.

नेजला कोर्कुत, निवृत्त नोटरी लिपिक (सही)
वेदात सायगन, औषधविक्रेता (सही)