हिप्परग्याच्या शर्यतीचा निकाल आणि माझी इतर मालमत्ता

रविवार, दिनांक १८ जानेवारी २०२६. सकाळी नळाला पाणी आले, ते भरून ठेवले. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या गर्दीमुळे रिक्षा मिळेना, म्हणून कागद आणायला चालत गेलो. परत येऊन कालची भाकरी दुधात कुस्करून खाल्ली आणि लिहायला बसलो.

मी, अण्णाराव निंगप्पा बिराजदार, वय ७३, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला आरेखक, मूळ गाव वळसंग, सध्या राहणार जुळे सोलापूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व राजीखुशीने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो देताना ते "होड्यांचा विषय सोडून" असे म्हणाले, पण ते तोंडी. लेखी तसे काही नाही.

माझी पत्नी लिंगैक्य ईरम्मा मागच्या श्रावणात गेली. पूर्वीच्या मृत्युपत्रात मी सर्व काही तिच्या नावे केले होते. ते आता रद्द समजावे.

१. राहता फ्लॅट मुलगा शिवू आणि मुलगी श्रीदेवी यांना समान हिश्श्याने मिळावा. शिवू पुण्याहून विकू म्हणेल, श्रीदेवी ठेवू म्हणेल. जे ठरवायचे ते दोघांनी हॉलमध्ये समोरासमोर बसून ठरवावे, फोनवर नाही. फोनवर शिवू "हो हो" म्हणतो आणि त्याचा अर्थ काहीच होत नाही.

२. बँकेतील ठेवीही दोघांत समान. ईरम्माचे दागिने व इरकल साड्या श्रीदेवीला द्याव्यात. एका साडीला पदर नाही. तो चोरीला गेलेला नाही, खाली खुलासा आहे.

३. करवत, पटाश्या, शिकंजे व इतर हत्यारे तळमजल्यावरचे माझे मित्र श्रीमंत यांना मी हयातीतच दिली आहेत, ती वाटणीत धरू नयेत. रंधा त्यांनी आधीच नेला आहे. तो परत मागू नये, मी मागून थकलो आहे.

४. गच्चीवरच्या टाकीत होडी तरंगवून पाहिल्याबद्दल सोसायटीने मला दिलेली नोटीस मी फ्रेम करून ठेवली आहे. ती सोसायटीच्या कार्यालयाला देणगी म्हणून द्यावी व दर्शनी भागात लावावी. होडी स्वच्छ होती. टाकी नव्हती.

५. आता नौका. वकिलांनी थोडक्यात लिहा म्हणून सांगितले होते.

ईरम्माचे वडील अक्कलकोटला चहाची सुटी पत्ती विकत. त्यांना कोणीतरी त्या विलायती चहावाल्याची गोष्ट सांगितली होती. अमेरिकेकडे असलेला शर्यतीचा कप जिंकण्यासाठी त्याने एकामागून एक पाच नौका बांधल्या. पाचही नौकांचे नाव शॅमरॉक. पाचही वेळा तो हरला. १९२० साली चौथ्या शॅमरॉकने पहिल्या दोन शर्यती जिंकल्या, आणखी एक हवी होती, तर पुढच्या तिन्ही ती हरली. लग्नानंतर ही गोष्ट मला सांगून ईरम्मा म्हणाली, "आपल्या धंद्यातला माणूस हाय की. त्याची बोट मला करून द्या."

मी ग्रंथालयातल्या पुस्तकांवरून नकाशे काढले आणि त्या नौकांच्या लहान प्रतिकृती केल्या. सगळ्या शॅमरॉक तिने घेतल्या. माझ्याकडे अमेरिकेच्या आल्या: कोलंबिया, रिलायन्स, रेझोल्यूट, एंटरप्राइज. पाचव्या शॅमरॉकची शिडे वर उल्लेख केलेल्या पदराची आहेत. दर रविवारी हिप्परग्याच्या तलावावर आम्ही त्या सोडत असू. रिमोट वगैरे नाही. एकदा सोडली की पुढचे सगळे वाऱ्याच्या हाती. यंत्रमागवाले राजशेखर येमूल, माझे शाळेपासूनचे मित्र, हे पंच. त्यांच्याकडे शिट्टी होती एवढीच त्यांची पात्रता.

किनाऱ्यावरून अपशब्द काढल्यास नौका बाद, असा नियम राजशेखरने केला होता. तो श्रीमंतमुळे करावा लागला. श्रीमंतचे म्हणणे, "मी बोटीला शिवी दिली, मानसाला न्हाय."

पाचव्या शॅमरॉकची आणि माझ्या एंटरप्राइजची शर्यत होती. शॅमरॉक बरीच पुढे होती. तेवढ्यात वारा आला आणि ईरम्मा टाळ्या वाजवत ओरडली, "गाळी बंतु! गाळी!" राजशेखरने शिट्टी मारली. बाईंनी गाली दिली, शॅमरॉक बाद. कन्नडमध्ये गाळी म्हणजे वारा, हे मी त्याला तिथेच सांगितले. तो म्हणाला, "मला कन्नड येत नाही. पंचाला ऐकू आलं ते खरं." आमच्या शर्यतीचा कप मला मिळाला. त्यावर माझे नाव कोरलेले आहे. ईरम्मा त्यानंतरही कधी जिंकली नाही.

६. गेल्या दसऱ्याला मी राजशेखरच्या घरी आपट्याची पाने द्यायला गेलो होतो. उकडत होते. त्याची सून आतून म्हणाली, "गाली वस्तलेदु, फॅन पेट्टु." राजशेखरने उठून फॅन लावला. त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या तेलुगू बोलतात. तेलुगूतही वाऱ्याला गालीच म्हणतात. म्हणजे त्या दिवशी त्याला कन्नड कळायची गरजच नव्हती.

सबब, राजशेखरने तो निकाल स्वतःच्या सहीने दुरुस्त करावा. त्यानंतर कपावर ईरम्माचे नाव कोरून तो श्रीदेवीला द्यावा. तिने एक शर्यत जिंकली होती एवढे कुठेतरी लिहिलेले असावे, बाकी माझी काही इच्छा नाही. दुरुस्ती न केल्यास राजशेखरने हयातभर दर रविवारी शिवूला फोन करून "गाळी म्हणजे वारा" असे सांगावे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू नये असे वकील म्हणतात. म्हणून राजशेखरला मी मुद्दाम साक्षीदार केले आहे. त्याला मिळणार काही नाही, आणि चिवड्याच्या पुडीचा कागदही तो वाचल्याशिवाय टाकत नाही, त्यामुळे हे वाचणारच.

खाडाखोडीबद्दल खुलासा: वरील कलम ६ मधील "सबब" पासून "सांगावे" पर्यंतचा मजकूर मी दोन्ही साक्षीदारांसमक्ष खोडला आहे. कारण पुढीलप्रमाणे.

दुपारी राजशेखर व श्रीमंत सहीसाठी आले. राजशेखरने सर्व वाचले आणि चष्मा काढला.

"अण्णा, कळलं होतं मला. शिट्टी मारायच्या आधीच कळलं होतं."

"मग मारलीस कशाला?"

"सवय की राव. जोरात ओरडलं कोणी की हात शिट्टीवर. नंतर पंच म्हणून मागं कसा हटणार?"

श्रीमंत म्हणाले, "लई मोठा पंच! इतकी वर्षं वहिनीला शिवीगाळ करनारी म्हनवलंस."

"ऐक तर. संध्याकाळी मी वहिनींकडे गेलो होतो. म्हटलं, चुकलं माझं, उद्या निकाल फिरवतो. त्यांनी हात जोडले. म्हणाल्या, राहू द्या की हो भावजी. शॅमरॉक जिंकली तर हे परत बोटी सोडायला कशाला येतील? मग रविवारी मी घरात बसून काय करू, ह्यांचं तोंड बघू?"

श्रीमंत इतके हसले की त्यांना ठसका लागला.

"आणि शपथ घातली," राजशेखर म्हणाला, "पुढंही जिंकू देऊ नका म्हणून. तुला काय वाटलं, दर वेळी वहिनींची शॅमरॉक बाद व्हायला इतकी कारणं मला आपोआप सुचत होती?"

हे मला माहीत नव्हते. मी चहाचे बघायला आत गेलो. जरा वेळ लागला. बाहेर येऊन पेन घेतले.

खोडलेल्या मजकुराऐवजी पुढीलप्रमाणे वाचावे: निकाल होता तसाच राहील. कपावरचे नावही राहू द्यावे. पाचवी शॅमरॉक श्रीदेवीला व एंटरप्राइज शिवूला द्यावी. दोघांनी वर्षातून निदान एका रविवारी त्या हिप्परग्यावर सोडाव्यात. शॅमरॉक हरली तर पुन्हा यावे. जिंकू लागलीच, तर राजशेखर हयात असेपर्यंत काहीतरी कारण काढून तिला बाद करील. तसे त्याने श्रीमंतसमोर कबूल केले आहे.

वरील सर्व मजकूर व खाडाखोड मला मान्य असून मी साक्षीदारांसमोर सही केली, व त्यांनी माझ्यासमोर केली.

लिहून देणार: अण्णाराव निंगप्पा बिराजदार (सही)

साक्षीदार:
१. राजशेखर येमूल (सही) – "शिट्टी माझ्याकडेच राहील."
२. श्रीमंत बिरदेव वाघमोडे, मूळ राहणार मंद्रूप (सही) – "रंधा देनार न्हाय."

ठिकाण: जुळे सोलापूर
दिनांक: १८ जानेवारी २०२६

दोघे आता गेले. वारा सुटला आहे, गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढून आणतो.